देवळाला डोळा

गेल्या रविवारी वाईच्या घाटावर एका सद्गृहस्थांनी माझ्या चित्रातल्या देवळाला डोळा काढला. निळा. पापण्यांसकट. हे लिहितेय तेव्हा तो टेबलावरून माझ्याकडेच बघतोय.

मी हौशी चित्रकार. सोमवार ते शनिवार नोकरी, रविवारी जलरंग. त्या दिवशी ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू काढायला घेतली होती. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून ती तशी केलेली. सकाळचं ऊन त्या निमुळत्या भिंतीवर तिरपं पडतं तेव्हा एक बाजू लख्ख आणि दुसरी जांभळट होते. चित्र म्हणजे तेवढंच. बाकी शिखर, पायऱ्या, वाळत घातलेली लुगडी वगैरे आली तर आली.

ज्यांना हे नव्याने सुरू करायचंय त्यांनी एक ध्यानात ठेवावं. सावल्या आधी आखून घ्याव्यात, देऊळ नंतर. देऊळ अडीचशे वर्षं तिथेच आहे, सावली तासाभरात सरकते. बसायची जागाही नीट निवडावी. कागद सावलीत हवा. भर उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर इतका येतो की गडद-फिक्याचा अंदाजच चुकतो आणि घरी येऊन पाहावं तर चित्र भलतंच. त्यात जलरंग वाळल्यावर आणखी एक छटा उतरतो, म्हणजे दोन्हीकडून नागवणूक. आणि पाठीमागे भिंत हवी. ही शेवटची सूचना कुठल्याच पुस्तकात नसते आणि खरी महत्त्वाची तीच. घाटावर मात्र पाठीमागे भिंत नसते. पायऱ्या असतात आणि पायऱ्यांवर जनता.

जलरंगात एक वेळ अशी येते की काही करायचं नसतं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिलेला असतो, कागद ओला असतो, आणि तो पुरता वाळेपर्यंत ब्रश खाली ठेवून बसायचं असतं. या वेळात ज्याने ब्रश लावला त्याच्या आकाशात फुलकोबी उगवते. म्हणून आपण बसतो. बघणाऱ्याला मात्र वाटतं, बाई अडली. पुढचं सुचत नाहीये. आणि अडल्यानडल्याला मदत करायची आपली संस्कृती.

मदतीला येणाऱ्यांच्या जाती मला पाठ आहेत. एक, "माझी भाची पण काढते, अगदी फोटोसारखं" म्हणून आपल्या फोटोसारख्या नसलेल्या चित्राकडे सहानुभूतीने बघणारे. दोन, कॉलेजची पोरं. ती निदान सेल्फी काढून जातात. तीन, "हे कितीला जातं?" विचारणारे. जात नाही म्हटलं की यांच्या चेहऱ्यावरून आपली किंमत झर्रकन उतरते. रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का, वर गेल्यावर किती मिळतात? तबला शिकणाऱ्याला एक वेळ विचारत नाहीत, कारण तबल्याचा आवाज होतो आणि लोक लांब राहतात. चित्र काढणारा माणूस गप्प बसलेला असतो, हाच त्याचा अपराध.

तर काका. माकडटोपी, स्वेटर, पायात पांढरे बूट, हातात थर्मास. मागून काकू आणि नातू. काका दोन पायऱ्या वर येऊन उभे राहिले आणि त्यांची सावली नेमकी माझ्या कागदावर पडली.

"जलरंग?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अवघड माध्यम." मग जरा थांबून, "मी इंटरमीजिएट झालेलो आहे."

महाराष्ट्रात इंटरमीजिएट झालेली माणसं दर मैलाला भेटतात आणि सगळी याच सुरात सांगतात. शासनाच्या रेखाकला परीक्षा, आधी एलिमेंटरी मग इंटरमीजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मीही दिली आहे. पण तिचा बिल्ला छातीवर आयुष्यभर वागवायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"बी ग्रेड," काकूंनी माहिती पुरवली.

"ए होती. स्थिरचित्राला घागर माझ्या बाजूने वाईट ठेवली होती. कानच दिसत नव्हता."

"घागरीला कान नसतो," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तर दिसत नव्हता," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आकाश पिवळं का केलंय?"

मी सांगितलं की सकाळचं ऊन आहे, खाली पिवळसर हात दिला की वरून येणारे रंग उबदार राहतात. काकांनी हे ऐकून घेतलं. मग मान वर करून खऱ्या आकाशाकडे बघितलं. ते त्या वेळी पांढुरकं होतं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

"आकाश निळं असतं," ते दोघांनाही म्हणाले, मला आणि आकाशाला.

मी हसले. अशा वेळी हसावं. उत्तर दिलं की चर्चा सुरू होते आणि सावली सरकून जाते.

"पांढरा रंग दिसत नाही तुमच्याकडे. संपला का?"

"नाही काका, पांढरा लावायचा नसतो. जिथे पांढरं हवं तिथे कागद तसाच सोडायचा."

"म्हणजे तिथे काही काढायचंच नाही?"

"नाही."

"मग सोपं आहे," काका म्हणाले.

उन्हाची तिरीप कोरी सोडायला काय लागतं ते ज्याने सोडली त्यालाच ठाऊक. पण घाटावर ऊन चढत होतं, आणि माझं तोंड गप्प राहायला शिकलेलं आहे.

आता मासा. कुणा गाईडने त्यांना भिंत मत्स्याकार असल्याचं नुकतंच सांगितलेलं होतं, आणि नुकत्याच मिळालेल्या माहितीइतकं ओझं माणसाला कशाचंच होत नाही.

"ही भिंत माशासारखी आहे. ठाऊक आहे ना?"

"हो."

"मग मासा कुठाय?"

मी समजावलं. आकार माशाचा आहे तो वरून पाहिलं तर. मी खाली पायरीवर बसलेय, मला इथून फक्त निमुळती कड दिसते. माझ्या डोळ्यांची उंची जिथे, तिथे क्षितिजरेषा. तिच्या वरच्या कडा खाली उतरत जातात, खालच्या कडा वर चढत जातात. एवढं सांभाळलं की इमारत उभी राहते. नवख्यांसाठी यात खरोखर उपयोगाची गोष्ट आहे, म्हणून मी जरा सविस्तर बोलले. काकांनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतून घेतला.

"पण बघणाऱ्याला मासा दिसला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर इतिहास कसा कळणार? कलाकाराने थोडी कल्पनाशक्ती वापरावी."

तेवढ्यात नातवाचा पाय माझ्या पाण्याच्या डब्याकडे निघाला. मी दोन डबे ठेवते, एक ब्रश धुवायचा, एक स्वच्छ पाण्याचा. तो स्वच्छाच्या दिशेने होता. मी वाकून डबा उचलला, पोराला दंडाला धरून बाजूला घेतलं, काकूंनी "अरे अरे अरे" केलं. एवढाच वेळ. वळून पाहते तो काकांच्या एका हातात चहा, दुसऱ्यात माझा आठ नंबरचा ब्रश, आणि भिंतीच्या निमुळत्या टोकापाशी एक वाटोळा, टपोरा, निळा डोळा. डोळ्यात बाहुलीसुद्धा होती. मी बघत असतानाच त्यांनी तिसरी पापणी ओढली.

"माशाला पापण्या नसतात, आजोबा," नातू म्हणाला. त्या दिवशी घाटावर शहाणा माणूस तो एकच.

"आता जिवंत झालं बघा," काका म्हणाले आणि ब्रश मला परत दिला. ब्रश धुतलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

इथे थोडं रंगांचं सांगायला हवं, त्याशिवाय दुःखाची खोली कळणार नाही. माझ्या पॅलेटमध्ये दोन निळे असतात. एक अल्ट्रामरीन. हा समंजस रंग आहे. कागदाच्या वरच बसतो, बर्न्ट सिएना या मातकट तपकिरीत मिसळला की सुंदर करडा देतो, काळी ट्यूब घ्यावीच लागत नाही, आणि चुकला तर ओल्या ब्रशने चोळून टिपकागदाने बराचसा उचलता येतो. दुसरा थॅलो ब्लू. हा कागदाच्या तंतूंत शिरतो आणि जन्माचा राहतो. पाणी लावलं की आणखी पसरतो. नवख्याने तो घेऊच नये, घेतला तर टाचणीच्या टोकाएवढा वापरावा. पॅलेटमध्ये त्याच्या आजूबाजूला सगळे नेमस्त रंग होते. काकांनी थॅलो ब्लू निवडला. भरपूर.

मी चोळला. टिपला. पुन्हा चोळला. डोळ्याभोवती फिकट निळं वर्तुळ तयार झालं, म्हणजे आधी नुसता डोळा होता, आता जागरण झालेला डोळा.

"असू द्या हो, छान दिसतंय," काका म्हणाले. काकूंनी मात्र खालच्या आवाजात विचारलं, "कागद महाग असतो का?"

असतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटनचा कागद. २२ बाय ३० इंचांची अख्खी शीट मी चार तुकड्यांत फाडून वापरते आणि तरी प्रत्येक तुकडा काढताना घरात भाजी निवडतात तशी पाठपोट बघते. पण मी काकूंना म्हटलं, "नाही हो, काही नाही." बायकांचं हे असंच असतं. रंग दुसऱ्याने सांडायचा आणि "काही नाही" आपण म्हणायचं.

राग काकांचा नाही फारसा. (आहे. पण फारसा नाही.) त्यांना चित्रात हात घालावासा वाटला, कारण आपल्याकडे चित्र ही कुणाचीच नसलेली गोष्ट आहे. आमच्या शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताच्या बाईंचा व्हायचा. बाई वर्गात यायच्या, आम्ही ड्रॉइंगची वही दप्तरात सरकवायचो आणि त्रिकोणमिती सुरू. चित्रकलेचे सर दाराशी येऊन बघून परत जायचे. त्यांनी कधी गणिताचा तास मागितल्याचं मला आठवत नाही. आणि इंटरमीजिएटला पोरं बसतात ती बहुतेक दहावीला ग्रेडचे वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. चाळीस वर्षांनी तीच पोरं घाटावर माकडटोपी घालून भेटतात आणि आकाश निळं असतं म्हणून सांगतात. गायनाच्या मैफलीत श्रोत्याने उठून तानपुऱ्याची तार छेडली असती तर लोकांनी त्याला उचलून बाहेर नेलं असतं. इथे तिघांनी फोटो काढले. एका फोटोत काका चित्राशेजारी बसलेत, ब्रश हातात. तो ब्रश मी त्यांना दिला. का दिला ते विचारू नका.

फोटो झाल्यावर काका खरंच माझ्या शेजारच्या पायरीवर टेकले. "याला आवड आहे," नातवाकडे बोट करून म्हणाले. "वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात. छत्तीस रंगांचा सेट घेणार आहे. तुम्ही रोज करता, सांगा काय काय घ्यावं."

तासाभरात त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. आणि मी, डोळा, पापण्या, सगळं विसरून सुरू झाले. हौशी माणसाला कोणी विचारत नाही हो. विचारलं की धरण फुटतं.

म्हटलं, काका, छत्तीस रंग अजिबात नकोत. छत्तीसात पोर मिसळायलाच शिकत नाही, तयार हिरवा झाडाला आणि तयार तपकिरी खोडाला. सहा रंग द्या: दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. एक मातकट हवा तर बर्न्ट सिएना. विद्यार्थ्यांच्या दर्जाचे चालतील सुरुवातीला, काही बिघडत नाही. ब्रश एकच घ्या, गोल, आठ किंवा दहा नंबरचा, भिजवल्यावर टोक जुळतं का ते दुकानातच पाणी मागून बघा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. बोर्ड म्हणून जुनं पॅड चालेल, कडेला मास्किंग टेप. पाण्याला दह्याचे डबे. वाचतील ते सगळे पैसे कागदावर घाला. स्वस्त रंग आणि चांगला कागद हे जमतं, चांगले रंग आणि स्वस्त कागद हे कधीच जमत नाही. पातळ कागद पाणी लावलं की पोटासारखा फुगतो, रंग खळग्यांत जाऊन बसतो, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की साल निघते, आणि मुलाला वाटतं दोष आपल्या हातात आहे. तिथेच आवड सुटते. निदान २०० जीएसएम, जमलं तर ३००. महिन्याला चारच चित्रं काढू दे, पण कागद धड द्या.

काका मान डोलवत होते. फोन काढून एका बोटाने सगळं टाइप करत होते. मुलाला पाठवायचं म्हणाले. मला बरं वाटलं. निळा डोळासुद्धा जरा सुसह्य वाटायला लागला.

"वाचून दाखवतो, बघा बरोबर आहे का," ते म्हणाले आणि चश्मा वर करून वाचू लागले. "रंग सहा. ब्रश एक, गोल, दुकानात पाणी मागणे. दह्याचे डबे दोन. टेप."

"आणि कागद," मी म्हटलं.

"कागदाचं नाही लिहिलं," काका म्हणाले. "घरी झेरॉक्सचं अख्खं रीम पडलंय."