रोमानोव्ह म्हणजे म्हणे 'राम-नव'!

'रशियाचे झार रामाचे वंशज' हा फॉरवर्ड फिरत फिरत शेवटी आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने तो थेट माझ्या मुलीला पाठवला, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घाल म्हणून. आता मात्र लिहितेच.

म्हणे झारांचं, म्हणजे रशियाच्या राजांचं, आडनाव रोमानोव्ह = राम + नव. अहो, त्यातला 'न' मागच्या तुकड्याचा नाहीच, तो 'रोमान' या नावातला आहे. पुढे लागलंय ते नुसतं 'ओव्ह', म्हणजे आपलं 'चा'. इवानचा इवानोव्ह, पेत्रचा पेत्रोव्ह, रोमानचा रोमानोव्ह. पेत्रोव्हमध्ये 'नव' शोधून दाखवा बरं! भाषाशास्त्रज्ञ उनबेगौनचं रशियन आडनावांवरचं 1972 चं जाडजूड पुस्तक आहे, त्यात हा 'ओव्ह'चा सगळा कारभार मांडलाय. आणि रोमान हे लॅटिन 'रोमानुस', रोमचा माणूस, चर्चमार्फत बाप्तिस्म्याचं नाव म्हणून तिकडे गेलेलं.

खरी गंमत पुढे आहे. या घराण्याचं आडनाव आधी रोमानोव्ह नव्हतंच. चौदाव्या शतकातला मूळपुरुष आंद्रेई कोबिला, कोबिला म्हणजे घोडी. त्याच्या पोराचं टोपणनाव कोश्का, म्हणजे मांजर, म्हणून पुढचे झाले कोश्किन. मग झखारीवरून झखारिन, युरीवरून युरिएव्ह, असं वाडवडिलांच्या नावावरून बदलतच गेलं. रोमान युरिएविच वारला 1543 मध्ये, त्याची मुलगी अनास्तासिया 1547 मध्ये झार इवान द टेरिबलची बायको झाली, आणि रोमानच्या मुलाकडच्या नातवंडांनी आजोबाचं नाव लावलं. 1613 ला या घराण्यातला मिखाईल झार झाला तेव्हा ते आडनाव अगदी ताजं होतं. कोश्किनच राहिले असते तर फॉरवर्डवाल्यांनी त्यातून काशी काढली असती.

'सगळे रोमानोव्ह राजघराण्यातले' हेही खोटं, गावोगावी रोमान होते, त्यांच्या पोरांनाही हेच आडनाव लागलं. रोमानोव्हा हे म्हणे 'रमा'वरून, छे, बायकांसाठी तेच आडनाव असं होतं, बास. युक्रेनकडे रोमानेन्को, रोमान्यूक, तिथे कुठला नव बसवणार?

हां, संस्कृत आणि रशियन लांबच्या नात्यातल्या आहेत, एवढं मान्य करावं लागेल. आपलं 'नव' आणि त्यांचं 'नोवी' एकाच मुळातलं. तेव्हा आत्या, 'नव' हवंच असेल तर नोविकोव्ह आडनाव घे, त्यात ते खरंच आहे. फक्त नोविकोव्ह कधी झार नव्हते.