फ्रीमेसन होते म्हणून इतिहास घडला का?

सोशल मीडियावर एक यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, व्होल्तेर, मोझार्ट, बोलिव्हार हे सगळे फ्रीमेसन, म्हणजे दीक्षा घेऊन सभासद होण्याच्या आणि आपले विधी गुप्त ठेवणाऱ्या एका जुन्या बंधुसंघाचे सभासद (थोडक्यात मेसन). म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्य, फ्रेंच राज्यक्रांती, दक्षिण अमेरिकेतले लढे हे सगळं एकाच गुप्त संघटनेने ठरवून घडवलं, आणि डॉलरच्या नोटेवरचा डोळा ही तिची खूण. ही पाचही माणसं खरोखरच फ्रीमेसन होती. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो माणसांचं कर्तृत्व हिरावून घेतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

‘अमेरिकेचे संस्थापक सगळे मेसन होते.’ वॉशिंग्टनने १७५२ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, दीक्षा घेतली. १८ सप्टेंबर १७९३ रोजी कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाची, कोनशिला बसली तेव्हा तो मेसनचा एप्रन बांधून हजर होता आणि सगळा विधी लॉजच्या पद्धतीने, भर लोकांसमोर झाला. पण स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांपैकी मेसन असल्याचा भक्कम पुरावा जेमतेम आठ-नऊ जणांचा आहे. जाहीरनामा लिहिणारा जेफरसन त्यांत नाही. स्वातंत्र्याच्या ठरावासाठी वसाहतींच्या काँग्रेसमध्ये जिवाच्या आकांताने भांडलेला जॉन ॲडम्सही नाही. उलट ब्रिटिशांना जाऊन मिळालेला बेनेडिक्ट अर्नोल्ड मेसन होता.

‘नोटेवरचा डोळा मेसनांचा.’ हा मुद्दा सगळ्यांत जास्त फिरतो, म्हणून जरा सावकाश पाहू. तो डोळा आणि पिरॅमिड अमेरिकेच्या राजमुद्रेच्या मागच्या बाजूचे आहेत. राजमुद्रेसाठी १७७६ मध्ये पहिली समिती नेमली. तिच्यात फ्रँकलिन, ॲडम्स आणि जेफरसन होते, आणि तिघांत मेसन एकटा फ्रँकलिन. त्याने सुचवलेल्या चित्रात डोळा नव्हताच. किनाऱ्यावर उभा राहून समुद्रावर हात उगारणारा मोझेस आणि बुडणारा इजिप्तचा राजा फॅरो होता. डोळा आणला तो समितीने मदतीला घेतलेल्या द्यू सिमितिएर या चित्रकाराने. ख्रिस्ती चित्रांत देवाची नजर म्हणून हा डोळा आधीपासूनच काढला जात असे. १७८२ मध्ये मुद्रेला शेवटचं रूप दिलं चार्ल्स थॉमसनने, आणि तो मेसन नव्हता. पिरॅमिडच्या तेरा पायऱ्या म्हणजे तेरा वसाहती. ही बाजू डॉलरच्या नोटेवर आली १९३५ मध्ये. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेसन होता, हे मान्य करायलाच हवं. पण तोवर त्या चित्राला दीडशे वर्षं होऊन गेली होती.

‘फ्रेंच राज्यक्रांती लॉजमध्ये शिजली.’ हा आरोप लंडनला पळालेल्या बारुएल या फ्रेंच पाद्र्याने १७९७ मध्ये गाजवला. प्रत्यक्षात काय झालं? फ्रान्समधल्या मेसनांचा प्रमुख (ग्रँड मास्टर), ऑर्लेआंचा ड्यूक, यानेच १७९३ मध्ये जाहीरपणे संघटनेशी संबंध तोडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रांतीने त्याचा शिरच्छेद केला. लाफायेत या मेसन सेनापतीला देश सोडून पळावं लागलं आणि तो ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला. दहशतीच्या काळात लॉज ओस पडले. बारुएलचा आरोप मात्र टिकला. पुढे नाझींनी लॉज बंद पाडले, आणि स्पेनमध्ये फ्रँकोने १९४० मध्ये मेसनांविरुद्ध खास कायदा करून खास न्यायालय बसवलं. नुसत्या सभासदत्वासाठी माणसं तुरुंगात गेली. हे फॉरवर्ड मला निरुपद्रवी वाटत नाहीत ते यामुळे.

दक्षिण अमेरिकेतल्या लढ्यांचा नेता बोलिव्हार याच्याबद्दल एवढंच सांगतो: १८२८ मध्ये बोगोटात त्याच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि त्यानंतर त्याने गुप्त संघटनांवर बंदी घातली. ती बंदी मेसनांच्या लॉजनाही लागू होती.

‘सगळे मेसन एकाच बाजूने लढतात.’ ३ जुलै १८६३, अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई. दक्षिणेचा जनरल आर्मिस्टेड आपली टोपी तलवारीच्या टोकावर चढवून दगडी बांधापर्यंत पोचला आणि गोळ्या लागून पडला. समोरच्या उत्तरेच्या फौजेचा सेनानी हॅन्कॉक हा त्याचा जुना मित्र. दोघेही मेसन. हॅन्कॉकच्या हाताखालचा बिंगहॅम, तोही मेसन, जखमी आर्मिस्टेडपाशी गेला आणि त्याच्याजवळच्या वस्तू ताब्यात घेतल्या. दोन दिवसांनी आर्मिस्टेड वारला. बंधुभाव खरा होता, पण त्याने ना युद्ध थांबवलं ना त्यांना एका बाजूला आणलं.

‘ते सगळं लपवून ठेवतात.’ विधी आणि खुणा गुप्त असतात, हे खरं. संघटनेची नियमावली मात्र १७२३ मध्ये लंडनला छापून निघाली, आणि फ्रँकलिनने १७३४ मध्ये ती फिलाडेल्फियात पुन्हा छापली.

मग मेसनांचं इतिहासातलं स्थान काय? माझ्या मते ते या यादीत कधीच नसलेल्या एका माणसात दिसतं. बोस्टनचा प्रिन्स हॉल हा कृष्णवर्णीय कारागीर. १७७५ मध्ये त्याला आणि आणखी चौदा कृष्णवर्णीयांना दीक्षा दिली ती ब्रिटिश पलटणीच्या लॉजने. अमेरिकेतल्या गोऱ्या मेसनांनी त्यांना आपलं मानलं नाही, तेव्हा १७८४ मध्ये लंडनहून सनद मिळवून त्याने आफ्रिकन लॉज उभा केला. एकत्र बसायला जागा, लिखित नियम, निवडलेले पदाधिकारी, अडचणीतल्याला मदत: ज्यांना दुसरीकडे हे काहीच मिळत नव्हतं, त्यांना ते लॉजमध्ये मिळालं. १७८८ मध्ये बोस्टनच्या तीन स्वतंत्र कृष्णवर्णीयांना फसवून जहाजावर चढवलं आणि विकण्यासाठी कॅरिबियनकडे नेलं. हॉलने सहकाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज विधिमंडळापुढे ठेवला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कायदा केला, आणि ते तिघे सुटून बोस्टनला परत आले.