पोटातल्या तुपाने लिव्हर वाचत नाही

गटारी जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘बसण्याआधी दोन मोठे चमचे साजूक तूप घ्या. पोटाला अस्तर बसतं, दारू रक्तात जात नाही. चखणा तळलेलाच घ्या, तेल दारू शोषून घेतं. लिव्हरवर चरबी साखरेने चढते, तुपाने नाही. परदेशात उंदरांवर सिद्ध झालंय. आणि श्रावणभर बंद ठेवली की लिव्हर पुन्हा कोरं.’ यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या अर्ध्या सत्याला चिकटलेलं आहे. म्हणूनच ते पटतं आणि म्हणूनच घातक आहे.

आधी अस्तर. जठर सतत घुसळत असतं. त्यात तूप भिंतीला लिंपून राहत नाही, थेंब होऊन अन्नात मिसळतं. शिवाय अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं, जठरातून थोडंच. तुपामुळे होतं ते एवढंच: चरबी आतड्याच्या सुरुवातीला पोचली की जठराला ‘हळू सोड’ असा संदेश जातो. दारू आतड्यात उशिरा उतरते, रक्तातली सर्वोच्च पातळी खाली राहते. पण हा गुण तुपाचा नाही, जेवणाचा आहे. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी चरबीप्रधान, प्रथिनप्रधान आणि पिष्टमय अशी तीन वेगवेगळी जेवणं देऊन तपासलं, तेव्हा तिन्हींनी ही पातळी खाली आणली. भाकरी-पिठल्यानेही तेच होईल.

रिकाम्या पोटी पिऊ नये हे खरंच. पण उशिरा चढते म्हणून माणूस आणखी एक पेग भरतो, आणि तिथे सगळा फायदा बुडतो.

‘तेल दारू शोषून घेतं’ हे तर उलटं आहे. अल्कोहोल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं, तेलात मात्र फार कमी उतरतं. ते पाण्यासोबत राहतं, पाण्यासोबत शोषलं जातं. भज्यातलं तेल त्याला धरून ठेवत नाही.

आता यकृताच्या आत काय होतं ते पाहू, कारण खरा घोळ तिथे आहे. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली, यात सुमारे 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साधारण 70 किलोच्या माणसाचं शरीर तासाला 7 ते 10 ग्रॅम संपवतं. म्हणजे एका क्वार्टरला 6 ते 9 तास, आणि हे काम बहुतांश यकृताचं. अल्कोहोल साठवायला शरीरात जागा नाही, त्यामुळे रांगेत त्याचा नंबर कायम पहिला.

अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. या दोन्ही पायऱ्यांवर एनएडी नावाचा वाहक हायड्रोजन उचलतो आणि त्याचं एनएडीएच होतं. फॅटी अ‍ॅसिड जाळायलाही हाच मोकळा एनएडी लागतो. सगळे हमाल दारूच्या गोण्या वाहण्यात गुंतले की चरबीची गोणी उचलायला कुणी उरत नाही. एनएडीएच वाढल्यामुळे ग्लिसरॉल-3-फॉस्फेटही वाढतं. याच्यावर तीन फॅटी अ‍ॅसिड जोडली गेली की ट्रायग्लिसराइड तयार होतं, म्हणजेच यकृतात साठणारी चरबी. रोज पिणाऱ्यात आणखी दोन गोष्टी घडतात. चरबी जाळणारी जनुकं मंदावतात, तयार करणारी जोर धरतात. आणि चरबी बांधून यकृताबाहेर धाडणाऱ्या व्हीएलडीएल कणांचं कामही बिघडतं. आवक चालू, जावक अडलेली.

1999 साली प्रसिद्ध झालेला एक छोटा पण नेमका अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. 8 पुरुषांना 24 ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे 60 मिलीच्या एका पेगपेक्षा थोडं जास्त. त्यांच्या शरीरातलं चरबीचं ज्वलन 73 टक्क्यांनी घटलं, पण त्या अल्कोहोलपैकी 5 टक्क्यांहूनही कमी भागाची नवी चरबी बनली. म्हणजे मुख्य अडचण दारूची चरबी होण्याची नाही. दारू असेपर्यंत बाकीची चरबी जळत नाही, ही आहे.

दोन मोठे चमचे तूप म्हणजे सुमारे 30 ग्रॅम, साधारण 265 कॅलरी. ही चरबी आधी लसिकावाहिन्यांतून रक्तात येते आणि खाल्ल्यावर 3-4 तासांनी तिथे भरात असते. काही चरबीपेशींत जाते, काही यकृतात. त्या वेळी यकृतासमोर क्वार्टरचा बराच भाग अजून शिल्लक असतो. लिव्हर वाचवायला म्हणून घेतलेलं तूप नेमकं चुकीच्या वेळी दारात उभं राहतं.

साखरेचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कोल्ड्रिंकमध्ये मिसळून पिणाऱ्याने ती साखर जरूर हिशेबात धरावी, कारण यकृत तिच्यापासून चरबी बनवतं. पण म्हणून तूप निर्दोष सुटत नाही. 2018 च्या फिनलंडमधल्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या लोकांना 3 आठवडे रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. यकृतातली चरबी साखरेने 33 टक्के वाढली, असंतृप्त चरबीने 15 आणि संतृप्त चरबीने 55 टक्के. तुपात निम्म्याहून जास्त चरबी संतृप्तच असते.

उंदरांचे प्रयोग खोटे नाहीत. 1989 मध्ये असं दिसलं की नळीने थेट जठरात अल्कोहोल सोडलेल्या उंदरांना मक्याच्या तेलाऐवजी बीफची चरबी दिली, तर यकृताची इजा टळते. पण तिथे एका चरबीची तुलना दुसरीशी होती. ‘आधी दोन चमचे घ्या’ हे त्यातून निघत नाही. 1970 च्या उंदरांवरच्याच प्रयोगात आहारातली चरबी 43 वरून 25 टक्के कॅलरींवर आणली, तेव्हा अल्कोहोलमुळे यकृतात साठणारी चरबी बरीच घटली. हा निष्कर्ष संदेशात येत नाही. आणि माणसांचं म्हणाल, तर 1968 साली न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांना प्रथिनं भरपूर आणि चरबी कमी असलेलं जेवण देऊनही अल्कोहोलने त्यांच्या यकृतात चरबी साठली. चांगलं जेवण हे कवच नाही.

राहिला श्रावण. नुसती चरबी साठली असेल आणि दारू पूर्ण थांबवली, तर 2 ते 6 आठवड्यांत ती बरीच उतरते. तेवढं खरं. पण तंतू तयार होऊन यकृत घट्ट व्हायला लागलं असेल, तर महिन्याभरात ते कोरं होत नाही, आणि सोनोग्राफीतला ‘ग्रेड 1’ हा शब्द चरबीबद्दल असतो, या तंतूंबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी रक्ताच्या साध्या रिपोर्टवरून फिब-4, म्हणजे तंतूंचा अंदाज देणारा आकडा, काढता येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतली दोन एन्झाइम. वय 45, एसजीओटी 64, एसजीपीटी 49, प्लेटलेट 1.6 लाख असतील तर 2880 भागिले 1120, म्हणजे 2.57. 1.3 च्या खाली असेल तर धोका कमी, 2.67 च्या वर असेल तर पोटविकारतज्ज्ञ गाठायचाच. मधल्या आकड्याला फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावी.

आणि हे संदेशात कधीच नसतं: रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकट्याने, एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं काही तासांत सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम, भास आणि ताप. यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाने आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या आधाराने थांबावं. पूर्वी बंद केल्यावर एकदा जरी फिट आली असेल, तर थेट रुग्णालयात दाखल होऊनच.