भेगा बँकेलाही दिसल्या होत्या

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा या आठमजली इमारतीला मोठ्या भेगा पडल्या, तेव्हा खालची बँक आणि दुकाने बंद करण्यात आली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले. न आल्यास महिन्याचा पगार मिळणार नाही, अशी धमकी त्यांच्यापैकी काहींना देण्यात आली होती. नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि पाहता पाहता अख्खी इमारत खाली आली. अकराशेहून अधिक माणसे दगावली.

अशा कारखान्यांचा विषय निघाला की "हे काम नसते तर त्या बायकांनी काय केले असते?" हा प्रश्न हटकून येतो. प्रश्न खोटा नाही. खेड्यांतून आलेल्या लाखो मुलींच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा शिलाई मशीनमुळेच आला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पोटाची गरज बँकेतल्या कारकुनालाही होतीच, तरीही त्याला घरी थांबता आले. शिवणाऱ्या बाईला थांबता आले नाही, कारण तिच्या डोक्यावर माल रवाना करण्याची तारीख होती आणि तिच्यासाठी 'नाही' म्हणणारी संघटना नव्हती.

ती तारीख ठरते परदेशातल्या खरेदीदाराच्या कार्यालयात. दर पाडून घ्यायचा, मुदत आवळायची आणि उशीर झाल्यास माल विमानाने पाठवण्याचा खर्च कारखानदाराच्याच माथी मारायचा, अशी ही रीत आहे. कारखानदार तो ताण मजुरांवर ढकलतो. त्याचा दोष मी कमी लेखत नाही, पण "कारखाना आमचा नाही" एवढे म्हणून ब्रँडने हात झटकावेत, हे मला अन्यायाचे वाटते. राणा प्लाझातील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी, म्हणजे मजुरांच्या कामाच्या परिस्थितीची पाहणी, आधी झालेली होती. इमारतीचा सांगाडा तपासणे त्या कामात धरलेलेच नव्हते.

फरक पडला तो मे २०१३ मधील कारखान्यांच्या सुरक्षेच्या करारामुळे. कामगार संघटनांसोबत झालेल्या या करारावर पुढे दोनशेहून अधिक ब्रँडनी सह्या केल्या, आणि तो कायद्याने बंधनकारक असल्यामुळे दीड हजारांहून अधिक कारखान्यांची स्वतंत्र तपासणी झाली. स्वेच्छेच्या आचारसंहिता त्याआधीही कितीतरी होत्या.

म्हणून अशा कपड्यांवर बहिष्कार टाकणे मला पटत नाही. त्याने आधी त्या बाईचीच नोकरी जाते. मजुरीसाठीही सुरक्षेसारखाच बंधनकारक करार व्हावा, असे माझे ठाम मत आहे. २०२३ मध्ये बांगलादेशातील कामगार दरमहा सुमारे २३,००० टका मागत रस्त्यावर उतरले, त्यांच्यापैकी काहींचा जीव गेला, आणि किमान वेतन ठरले १२,५०० टका. खरेदीचा दर ठरवतानाच मजुरीचा वाटा वेगळा लिहावा आणि घासाघीस करताना त्याला हात लावता येऊ नये.