जॅझला जत्रा पुरत नाही

गिरगावच्या शाळेतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे: धोबी तलावचं रंगभवन, म्हणजे तिथलं बंद पडलेलं खुलं नाट्यगृह, पुन्हा सुरू करावं की नाही. निम्मे म्हणतात, मुंबईच्या जॅझचं ते माहेरघर होतं, सरकारने त्याची दारं उघडलीच पाहिजेत. बाकीच्यांचं म्हणणं असं की जॅझ म्हणजे साहेबाचं आणि पंचतारांकित हॉटेलांचं संगीत, मराठी माणसाच्या करातून ते कशाला पोसायचं? मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहते आणि जमेल तेव्हा जॅझ ऐकायला जाते, म्हणून दोघांनीही मलाच मध्ये ओढलं. इतकं लांबलचक उत्तर ग्रुपवर मावणार नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

‘साहेबाचं संगीत’ हा आक्षेप आधी घेते, कारण तो मला मनापासून खटकला. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी हा व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. बँडमधले सगळे कृष्णवर्णीय अमेरिकन. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने जाता येत नव्हतं, अशी ही माणसं. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्डसारखे आणखी काही आले. त्यांच्याकडून स्विंग, म्हणजे त्या काळचं नाचायचं जॅझ, उचललं ते गोव्याहून पोटासाठी आलेल्या पोरांनी. चर्चच्या शाळेत ही पोरं नोटेशन वाचायला शिकलेली, आणि राहायला धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाने चालवलेल्या खोल्यांत, एका खोलीत दहा-दहा ट्रंका. यात साहेब कुठे आहे?

त्यातलाच एक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. पुढे तो सी. रामचंद्रांचा, म्हणजे आपल्या चितळकरांचा सहायक झाला. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो, पुढे नाचताहेत भगवानदादा पालव. भगवानदादांच्या त्या पावलांवर आपल्या किती मिरवणुका निघाल्या! त्या नाचामागची फुंक गोव्याच्या पोराची आणि चाल मराठी माणसाची. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनांचे जे डोंगर उभे राहतात, ते कागदावर उतरवणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा. घराघरात ऐकलं गेलेलं नाव मात्र संगीतकाराचं आणि गायकाचं. हे संगीत आपल्या कानांत इतकं मुरलं आहे, की त्याला परकं म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या आवडीच्या जुन्या गाण्यांची यादी काढावी.

आता रंगभवन. १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने तिथे जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनचा बादशहा सनी रोलिन्स मुंबईत वाजवून गेला. उघड्यावरचा तो मंच जवळच्या अनेकांच्या आठवणीत आहे. पण शेजारी झेवियर्स कॉलेज, पलीकडे जी. टी. आणि कामा रुग्णालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवला आणि उघड्यावरच्या मैफली तिथे बंद पडल्या. माझ्या जवळच्या मित्रांना हे आवडणार नाही, पण हा नियम मला योग्य वाटतो. वॉर्डात रात्र काढणाऱ्या माणसाच्या उशाशी ट्रम्पेट नको. आणि त्याच नियमांत बंदिस्त सभागृहांना रात्री दहानंतरही सूट आहे. म्हणजे कायद्याने खोलीतलं संगीत अडवलेलंच नाही. खोल्याच उरल्या नाहीत, हे खरं दुखणं आहे.

पूर्वी अशा खोल्या होत्या. मिकी कोरिया या वादकाचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता. एकवीस वर्षं, एकच जागा! चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, रेस्टॉरंटांत असेच रोजचे बँड असत. दारूबंदीने त्यातल्या बऱ्याच जागांचं गणित बिघडवलं, तो वेगळा विषय. रोजच्या बँडमधून वादकाला महिन्याचा पगार मिळे हे तर झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट घडे: नव्याला जुन्याच्या शेजारी बसायला मिळे.

ते म्हणजे काय, हे मी इथे व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये पाहिलं. १९३५ पासून चालू असलेलं हे जॅझ क्लबचं तळघर आहे, जेमतेम सव्वाशे माणसांचं. तिथे १९६६ पासून दर सोमवारी एकच मोठा बँड वाजवतो. माणसं बदलत गेली, सोमवार बदलला नाही. एकदा मी पितळी वाद्यांच्या इतकी जवळ बसले होते की स्टँडवरचे कागद दिसत होते. एका ट्रम्पेटवाल्याच्या जागी बदली म्हणून एक तरुण मुलगी आली होती. दुसऱ्या गाण्यात पान उलटताना ती क्षणभर अडखळली. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या वादकाने ट्रम्पेट ओठांवरून न काढता डाव्या हाताचं बोट तिच्या कागदावर ठेवलं, पुढची ओळ जिथे सुरू होते नेमकं तिथे. तिने पुढचा सूर बरोबर उचलला. गाणं संपल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, तिसऱ्या गाण्याचे कागद काढायला लागले. असलं शिक्षण वर्षातून एकदा भरणाऱ्या महोत्सवात कुणाला मिळेल?

न्यूयॉर्कला हे सगळं आयतं मिळालं असं मात्र कुणी समजू नये. इथे १९४० ते १९६७ पोलिसांचं ओळखपत्र असल्याशिवाय दारू मिळणाऱ्या ठिकाणी वाजवता येत नसे. गायिका बिली हॉलिडे आणि पियानोवादक थेलोनियस मंक यांची कार्डं काढून घेतली गेली, त्यांची ऐन उमेदीची वर्षं त्यात वाया गेली. पुढेही खास परवाना नसलेल्या जागेत तीनपेक्षा जास्त वादक नकोत, ड्रम आणि फुंकवाद्यं तर नकोतच, असला नियम होता. १९८० च्या दशकात वादक आणि त्यांची युनियन कोर्टात गेले आणि तो पाडून आले. या सगळ्याच्या मुळाशी असलेला १९२६ चा कॅबरे कायदा, म्हणजे क्लबमधल्या गाण्यानाचण्याला परवाना सक्तीचा करणारा कायदा, शेवटी २०१७ मध्ये रद्द झाला. आजही इथले बहुतेक वादक शिकवण्या करून घरभाडं भरतात. पण म्हातारपणी भाडं थकलं, औषधाला पैसे नसले, तर १९८९ पासून जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका ही संस्था मदतीला येते. मुंबईत उतारवयात हातातलं वाद्य विकणाऱ्या वादकाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले, त्या आठवून इथे जीव कळवळतो.

मुंबईत आज वाजवणाऱ्यांची वानवा नाही. पियानोवादक लुई बँक्स ऐंशी ओलांडूनही मुंबईच्या जॅझचा आधार आहेत, त्यांचा मुलगा जीनो उत्तम ड्रम्स वाजवतो, लोअर परळच्या ट्रू स्कूल या संगीतशाळेतून शिकलेली पोरं तयारीची आहेत. २००७ साली मथुरादास मिलच्या आवारात उघडलेलं ब्लू फ्रॉग हे मैफलींचं ठिकाण २०१६ ला बंद झालं आणि त्यांची एक मोठी हक्काची जागा गेली. मागच्या खेपेला वांद्र्याच्या एका रेस्टॉरंटात चौघांचा बँड ऐकला. बासवाला डोळे मिटून सुंदर सोलो घेत होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती, आवाजासकट. लोक पदार्थ मागवत होते, वेटर त्याच्या आणि ड्रम्सच्या मधून ये-जा करत होता. मला संताप आला, त्या वादकाला मात्र त्याची सवय झाली होती.

म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना माझं एकच म्हणणं आहे. रंगभवनासाठी निवेदनं लिहिण्यात जो जोर लावताय, तो लहान बंदिस्त सभागृहांसाठी लावा. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे अकादमीत लहान नाट्यगृह आहे, उपनगरांत पालिकेची नाट्यगृहं आहेत. नाटकांची झुंबड शनिवार-रविवारी असते. मधला एखादा मंगळवार दर आठवड्याला एकाच बँडला द्यायला लावा, निदान वर्षभर, भाडं कमी करून. ज्या प्रेक्षकाने प्रायोगिक नाटकं तिकीट काढून जगवली, तो इथेही दोन तास मोबाइल बंद ठेवून बसेल, याची मला खात्री आहे. फुकट पास वाटू नका. वादकांचे पैसे त्याच रात्री हातात द्या. आणि जाहिरातीत बँडच्या नावाखाली प्रत्येक वादकाचं नाव छापा, बदली आलेल्याचंसुद्धा.