आधी विचारा, मग वाढा

घरातलं अन्न वाया जाऊ नये म्हणून काय करावं, हे तुम्ही तुमच्या लेखात मुलांनाच विचारलंत, ते फार आवडलं. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. ज्वारी, तूर घरची, तरी ताटात रोज उष्टं राहायचं आणि मी पोरांवर चिडायची. एक दिवस आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, मले न इचारता वाढतं कायले वं?" खरंच होतं. "घे अजून अर्धी" म्हणत भाकर टाकणारी मीच! आता ती स्वतः घेते. आधी चतकोर, लागली तर आणखी चतकोर. रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी कुस्करा होतो. कांदा, शेंगदाणे सढळ घातले की पोरं कढईसुद्धा पुसून खातात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात वाया गेलेल्या अन्नापैकी ६० टक्के घरांमधलं होतं. म्हणजे नुसत्या लग्नाच्या पंगतींना दोष देऊन भागत नाही. भुकेल्याला अन्न द्या, हे सांगणारे गाडगेबाबा तर आमच्याच वऱ्हाडातले. सासूबाईंना आग्रह सोडणं जड गेलं, पण परवा त्यांनीच नातीला विचारलं, "किती वाढू, बाई?"