घरी येणाऱ्यालाच माइल्स महाग पडतात

भारतातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर क्रेडिट कार्डावरून सरळ दोन तट पडलेत. एक माइल्सवाल्यांचा, म्हणजे कार्डावर खर्च करून विमानाच्या तिकिटासाठी पॉइंट्स जमवणाऱ्यांचा; दुसरा कॅशबॅकवाल्यांचा, म्हणजे खर्चाचे काही टक्के सरळ बिलातून वजा करून घेणाऱ्यांचा. माइल्सवाला बिझनेस क्लासमध्ये पाय पसरल्याचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘तीन लाखांचं तिकीट, भरला फक्त टॅक्स.’ कॅशबॅकवाला त्यावर आपल्या बिलाचा स्क्रीनशॉट टाकतो. दोघांचं पटत नाही, की कुणीतरी माझ्याकडे वळतं: ‘ताई, तू तर अमेरिकेत. तिकडे सगळे माइल्सवरच फिरतात ना?’

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. परदेशात राहणाऱ्या, मायदेशी ये-जा करणाऱ्या माणसाला माइल्स देणारं ट्रॅव्हल कार्डच फायद्याचं असणार. इथे येणाऱ्या नव्या भारतीय कुटुंबांनाही आधीचे लोक हेच सांगतात. माझं मत नेमकं उलट आहे. घरी जाणारा माणूस हा माइल्सचा सगळ्यात वाईट गिऱ्हाईक आहे, म्हणजे एअरलाइनच्या दृष्टीने सगळ्यात चांगला.

कारण साधं आहे. माइल्सची किंमत वसूल होते ती ज्याच्या तारखा, ठिकाण आणि माणसांची संख्या हलू शकते त्याची. मंगळवारी निघू शकतो, लिस्बनऐवजी इस्तंबूल चालेल, एकटाच आहे किंवा फार तर जोडी आहे, अशा माणसाची. आमचं काय असतं? मुलांच्या शाळेला सुट्ट्या डिसेंबरात आणि उन्हाळ्यात. त्याच सुट्ट्या आपल्यासारख्या लाखो कुटुंबांना. ठिकाण एकच, ते बदलता येत नाही. आणि सीट लागतात चार, त्याही एकाच विमानात.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली शोधाशोध कशी दिसते ते सांगते. तारीख टाकली, माणसं चार, विमानं शून्य. माणसं दोन केली, तरी शून्य. एक केलं, की अचानक एक पर्याय उगवतो: युरोपात रात्रभर थांबा, माइल्स ठीकठाक, पण सोबत काही शे डॉलरचा ‘कॅरिअर सरचार्ज’. काही युरोपीय कंपन्या फुकटच्या म्हणवल्या जाणाऱ्या तिकिटावर हा आकार लावतात, आणि त्यात सरकारी कर किती नि कंपनीचा वाटा किती हे वेगळं करून पाहिलं की ‘फक्त टॅक्स भरला’ या वाक्याचा अर्थ कळतो. थेट विमानात सीट असते, नाही असं नाही. पण तिच्या माइल्सचा आकडा रोख भाड्याबरोबर चढलेला असतो. फेब्रुवारीत तेच विमान त्याच्या निम्म्याहून कमी माइल्सना दिसतं. फेब्रुवारीत शाळा असते.

यात लबाडी कुणाची नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली माइल्सची अ‍ॅडव्हान्टेज योजना काढली तेव्हा हिशोब उघड होता: नेहमीचा प्रवासी दुसरीकडे जाऊ नये आणि रिकामी जाणारी सीट बक्षीस म्हणून द्यावी. डिसेंबरात रिकामी सीट नसतेच. पुढे बँका आल्या आणि गणित फिरलं. आता एअरलाइन माइल्स छापते, बँक ते घाऊक विकत घेते आणि कार्डधारकाला वाटते. डेल्टा एअरलाइनला २०२४ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या कार्ड कंपनीकडून ७ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेड एअरलाइन्सने कर्ज उभारलं ते आपली माइल्स योजना तारण ठेवून, तब्बल ६.८ अब्ज डॉलर. विमानांपेक्षा माइल्सवर सावकाराचा विश्वास जास्त!

ज्या चलनाचा छापखाना आणि भाव दोन्ही एकाच्याच हातात, ते साठवून ठेवायचं नसतं. डेल्टाने २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा तक्ताच वेबसाइटवरून काढून टाकला. भारतात ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं २०२३ च्या सप्टेंबरात काय झालं ते ग्रुपवरच्या माइल्सवाल्यांना पाठ असेल. बँकेचे पॉइंट्स एअरलाइनच्या माइल्समध्ये बदलून घेताना ५ पॉइंट्सचे ४ माइल्स होत होते, ते २ झाले. एका फटक्यात निम्मे, आणि ते आधीपासून जमवलेल्या पॉइंट्सनाही लागू. घाई करून आधीच माइल्स करून घेतले तेवढे सुटले, पण मग ते एअरलाइनच्या ताब्यात गेले. तिथून परत बँकेत येत नाहीत.

कॅशबॅकही कापला जातो, हे मान्य. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड २०२२ मध्ये आलं तेव्हा ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देत होतं. २०२३ मध्ये त्याची मासिक मर्यादा १०,००० वरून ५,००० रुपयांवर आणली. कॅशबॅकवाल्यांनी तेव्हा बराच शंख केला. पण बँकेने पुढच्या महिन्याचं कमी केलं, मागच्या महिन्यात बिलातून वजा झालेले रुपये उलटे मागितले नाहीत. सगळा वाद माझ्या मते इथेच संपायला हवा. तो संपत नाही, कारण फोटो बिझनेस क्लासचा काढता येतो, बिलातल्या वजावटीचा कोण बघणार?

त्या तीन लाखांच्या तिकिटाबद्दल एकच विचारते: तू रोख तीन लाख दिले असतेस का? नसते दिले, तर वाचले किती? इकॉनॉमीचं तिकीट ज्या भावात तू खरंच काढलं असतंस, तेवढे. माइल्सवाल्यांचा ‘पॉइंटमागे दोन रुपये मिळाले’ हा हिशोब बहुतेक वेळा कधीच न केलेल्या खर्चावरचा असतो.

इथल्या कार्डांचं गणित करून बघा. अमेरिकेत वार्षिक फी नसलेली, सरसकट २ टक्के परत देणारी कार्डं सहज मिळतात. सिटीचं डबल कॅश, वेल्स फार्गोचं ॲक्टिव्ह कॅश. उलट चेस बँकेचं ट्रॅव्हल कार्ड सफायर प्रिफर्ड वर्षाला ९५ डॉलर घेतं आणि प्रवास, हॉटेलिंग वगैरे ठरावीक खर्च सोडले तर डॉलरमागे १ पॉइंट देतं. म्हणजे विमा, दवाखाना, गाडीची दुरुस्ती, मुलांचे क्लास अशा खर्चावर तो एक पॉइंट तुम्हाला २ सेंटांना विकता आला तर कुठे बरोबरी, आणि फी अजून वसूल व्हायचीच आहे. डिसेंबरच्या तिकिटावर २ सेंट मिळवून दाखवा. सुरुवातीचा जॉइनिंग बोनस मात्र खरा असतो. तो घ्यावा, मोकळं व्हावं.

महागड्या कार्डांची गोष्टच वेगळी. चेसचंच सफायर रिझर्व्ह २०१६ मध्ये ४५० डॉलर फीला आलं, २०२० मध्ये ५५० झालं, २०२५ मध्ये ७९५. फी वाढली की सोबत कूपनं वाढतात: या हॉटेलात इतकी सूट, त्या ॲपवर महिन्याला इतके डॉलर, तेही महिना संपला की बाद. नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ महिनाअखेरीला ती कूपनं संपवण्यासाठी नको असलेल्या वस्तू मागवतात आणि याला बचत म्हणतात. भारतात विमानतळावरच्या लाउंजच्या बाबतीत तेच चाललंय; आधी कार्ड दाखवलं की प्रवेश, आता बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच.

तरीही इथली गणितं उचलून तिथे लावू नयेत, हेही ग्रुपवर सांगावं लागतं. अमेरिकेत डेबिट कार्डावरची दुकानदाराची फी २०११ पासून मोठ्या बँकांसाठी बांधून टाकली, क्रेडिटची मोकळी राहिली. बक्षिसं या फीतूनच निघतात, म्हणून ती क्रेडिटवर. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिटची ही आंतरबँक फीही, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून कार्डाच्या बँकेला जाणारी, जास्तीत जास्त ०.३ टक्क्यांवर आणली. तिथल्या मित्रांना आमचे पॉइंट्सचे वाद समजतच नाहीत. भारतात यूपीआयवर दुकानदाराला शून्य आकार, त्यामुळे रोजचा किरकोळ खर्च कार्डावर येतच नाही. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येऊ लागलं म्हणून थोडं बदललं. म्हणजे तिथल्या घरात कार्डावर पडणारा खर्च मुळात कमी, आणि पॉइंट्ससाठी तो ओढूनताणून वाढवायचा मोह जास्त. बिल पूर्ण भरलं नाही तर तिथलं व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांच्या घरात जातं. इथलं वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. दोन्हीकडे एक महिन्याची चूक महिन्याभराचा कॅशबॅक सहज गिळते, तिथे त्याहून जास्त.

आणखी एक, जे आईवडील इकडे राहायला येतात त्यांच्यासाठी. भारतातल्या पुष्कळ कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचा बँकेचा आकार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शंभराला चार रुपयांहून जास्त. एक टक्का कॅशबॅक घेऊन चार टक्के द्यायचे. आमच्या बाजूलाही हा काटा आहेच: इथली ती २ टक्केवाली कार्डं भारतात वापरली की ३ टक्के फॉरेन ट्रान्झॅक्शन फी लागते. ट्रॅव्हल कार्डांवर ती बहुधा नसते. पण ही फी न लावणारी, वार्षिक फी नसलेली कार्डंही आहेत. त्यासाठी ९५ डॉलर देण्याची गरज नाही.

मग माझ्याकडे पॉइंट्स अजिबात नाहीत का? आहेत, आणि ते एकाच कामासाठी. रात्री अकराला फोन येतो, बाबांना आयसीयूत हलवलंय, आणि उद्याचं तिकीट बघितलं तर रोख भाडं डोळे फिरवणारं. अशा वेळी जायचं असतं एकट्याला, एकाच बाजूचं, मिळेल त्या रस्त्याने. परतीची तारीख माहीत नसते. इथे माइल्स चारही बाजूंनी जमून येतात. एकेरी तिकीट दुप्पट महाग पडत नाही, शेवटच्या दिवसांत न विकलेल्या सीट कधीकधी मोकळ्या होतात, आणि फोन पुन्हा आला, ‘आता बरे आहेत, घाई नको’, तर मोठ्या अमेरिकी कंपन्या बहुधा तिकीट रद्द करून माइल्स खात्यात परत टाकतात. रोख काढलेलं स्वस्तातलं तिकीट असतं तर तेवढी मोकळीक मिळाली नसती.

एका माणसाच्या जाण्यायेण्याला पुरतील एवढे पॉइंट्स मी बँकेकडेच ठेवते. एअरलाइनकडे आगाऊ वळवत नाही, कुणाची सीट मोकळी आहे ते त्या रात्रीच कळणार असतं. वरचे जमले की पॉइंटला एक सेंट या भावाने काढून घेते. माइल्सवाले या भावाला हसतात. डिसेंबरची चार तिकिटं आम्ही रोखीने काढतो, ऑगस्टमध्ये, २ टक्केवाल्या कार्डावर.